‘आमचा बँडच एवढा आहे’ म्हणतात, आता मी काय बोलू?

(पत्र थोडं कापून देतेय, खूप मोठं होतं.)

“ताई नमस्कार. मी २६ वर्षांची, मूळची मिरजेची, पुण्यात एका आउटसोर्सिंग स्टुडिओत (दुसऱ्यांच्या गेमचं काम करून देणाऱ्या) थ्रीडी आर्टिस्ट आहे, २ वर्षं ८ महिने झाले. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ३ लाख ९० हजार, महिन्याला हातात साडेसत्तावीस येतात. दोन फ्रेशर्सचं काम तपासून द्यायचंही माझ्याकडेच असतं. आता पुण्यातल्याच एका स्टुडिओची ऑफर आलीये, ते स्वतःचा गेम बनवतायत. टेस्ट दहा दिवसांची होती, मी रात्री जागून सातव्या दिवशी दिली, लीडला (आर्ट टीमच्या प्रमुखाला) आवडली. ऑफर आहे ६ लाखांची, आर्टिस्ट लेव्हल १. मला ७ च्या वर हवे होते, पण एचआरने आधीच करंट विचारलं आणि मी सांगून टाकलं. आता ती म्हणते की ५४ टक्के हाइक देतोय, आमचा बँडच (या लेव्हलचा ठरलेला पगार) एवढा आहे, सोमवारपर्यंत कळव. मित्र म्हणतात ताणून धर. बाबा एसटीत कंडक्टर होते, ते म्हणतात मिळतंय ते घे. मागितलं आणि ऑफरच काढून घेतली तर? शिवाय इकडे तीन वर्षांचा बॉन्ड आहे, आधी सोडलं तर १ लाख भरायचे, नोटीस ९० दिवस. गंमत म्हणजे आमच्या फ्लॅटचं डिपॉझिट घरमालकाशी बोलून १० हजारांनी मीच कमी करून घेतलं होतं, चौघींच्या वतीने. स्वतःसाठी मात्र तोंड उघडत नाही. ऑफरचा ब्रेकअप (पगाराची फोड) आणि पोर्टफोलिओची लिंक जोडतेय. – मिरजकर”

मिरजकर,

तुझा मेल नीट वाचायच्या आधी मी लिंकच उघडली, सवय आहे ती, इतकी वर्षं लोकांचे पोर्टफोलिओ बघतेय, आणि पहिल्याच सीनवर अडकले. एसटी स्टँड. ते सिमेंटचं बाकडं, पुढची कड लोकांनी बसून बसून गुळगुळीत केलेली आणि मागची, भिंतीकडची कड अजून खरखरीत. खांबाच्या तळाशी पानाच्या पिचकाऱ्या, त्या पण गुडघ्याच्या खालीच. वर टाइमटेबलचा पत्र्याचा बोर्ड, खिळ्यापासून गंज उतरलेला. मे महिन्यात मामाकडे जाताना आम्ही असल्याच बाकड्यावर ट्रंक घेऊन बसायचो, त्यामुळे मी पाच मिनिटं काही न करता नुसती बघत होते. मग वायरफ्रेम (मॉडेलची नुसती रेषांची जाळी) शोधायला लागले तर कुठेच नाही. ब्रेकडाउन (सीन कसा बनवला ते) नाही, टेक्स्चर शीट (वस्तूंवर चढवलेली रंग-पोताची चित्रं) नाही, काही नाही. आणि तुझ्या मेलच्या शेवटच्या ओळीत (वर मी ती कापलीये) सहज लिहिलंयस की अख्खं स्टँड एका ट्रिम शीटवर आणि तीन टायलेबल (फरशीसारख्या जोडत जाता येणाऱ्या) मटेरियलवर केलंय. अगं बाई, ही ओळ शेवटी लिहायची असते का? तुझ्या पगाराचा सगळा विषय त्या ओळीत आहे. येतेच त्याच्यावर, आधी कॅल्क्युलेटर काढ.

तू ६ लाख भागिले १२ केलंस आणि महिना पन्नास हजार धरून बसलीस, हो ना? तुझ्याच ब्रेकअपवरून सांगते. ६ लाखातले ६० हजार व्हेरिएबल आहेत, ते वर्षातून एकदा, मिळाले तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना १,८०० म्हणजे वर्षाचे २१,६०० तुझ्याच सीटीसीत मोजलेत. ग्रॅच्युइटीचे १४,४३० पण त्यातच आहेत, आणि ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं एका ठिकाणी काढली तर मिळते, गेम आर्टमधे एका स्टुडिओत पाच वर्षं काढलेले किती लोक ओळखतेस तू? (फिक्स्ड टर्म कॉन्ट्रॅक्ट असेल तर नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नव्या लेबर कोडमधे एका वर्षावरही मिळते, पण तुझी ऑफर परमनंटची आहे.) मेडिक्लेमचा हप्ता ८ हजार, तोही सीटीसीत. हे सगळं काढलं की राहिले ४ लाख ९६ हजाराच्या आसपास, म्हणजे महिना ४१,३३०, त्यातून तुझा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की खात्यात पडणार ३९,३३०. फेब्रुवारीत शंभर कमी. इन्कम टॅक्सची काळजी सोड, नव्या रेजिममधे पगारदारांना १२ लाख ७५ हजारांपर्यंत शून्यच आहे.

म्हणजे प्रश्न सहा की सात हा नाहीचे. प्रश्न ३९ हजार की पन्नास हजार हा आहे, आणि तुला हातात खरंच पन्नास हवे असतील तर व्हेरिएबल अजिबात न धरता सीटीसी ६ लाख ७० हजारांच्या जवळपास लागतो. हा आकडा एका कागदावर लिहून ठेव, हा तुझा तळ. तोंडाने मागायचा आकडा वेगळा, तो सव्वासात.

आता बँड. एचआर खोटं बोलत नाहीये हे आधी लक्षात घे. मी स्वतः त्या टेबलाच्या पलीकडे बसलेय म्हणून सांगते आत काय होतं ते. इंटरव्ह्यू संपतात, टेस्ट बघून झालेली असते, आणि एचआर माझ्या डेस्कपाशी येऊन एकच प्रश्न विचारते, “कुठल्या लेव्हलला धरू?” मी चहा पीत पीत म्हणते ‘एक’ किंवा ‘दोन’. तिच्या शीटमधे त्या लेव्हलपुढे खालचा आकडा आणि वरचा आकडा असतो, ती तुझा करंट बघते आणि मधलं काहीतरी टाकते. संपलं. म्हणजे तुझ्या पगाराचं मोठं भांडण मी त्या चहाच्या घोटाबरोबर संपवलेलं असतं, आणि तू मात्र एचआरशी भांडायची तयारी करतेयस, जिच्या हातात त्या दोन आकड्यांच्या मधली वीतभर जागाच आहे. तिला कितीही सांगितलंस की मला कामाची खूप आवड आहे तरी तिच्या शीटमधे आवडीचा कॉलम नाहीये.

तेव्हा पैसे मागण्याआधी लेव्हल माग. आणि लेव्हल ठरवताना लीड काय बघतो? सुंदर रेंडर सगळ्यांकडेच असतात हल्ली. लीड बघतो की ही पोरगी माझे किती दिवस वाचवेल. तू आउटसोर्सिंगमधे आहेस म्हणजे तुला हे माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, तिकडे क्लायंटला बिलच मॅनडेजवर, म्हणजे एका माणसाचे किती दिवस लागले त्यावर जातं, एक बॅरल चार दिवस, एक दुकानाचा दर्शनी भाग बारा दिवस असा अंदाज देतात आणि त्यात फीडबॅकचे दोन राउंड धरलेले असतात, मग टेक्स्चर बसवण्यातल्या चुका निघाल्या, यूव्ही ताणलेले निघाले, टेक्सेल डेन्सिटी जुळली नाही, बेकमधे कडेला काळं आलं, की दोनाचे पाच राउंड होतात आणि तो सगळा तोटा स्टुडिओच्या अंगावर. ज्याचं काम एका राउंडमधे पास होतं तो आर्टिस्ट तिकडे सोन्याचा, फक्त त्याला हे कोणी सांगत नाही, सांगितलं तर तो पगार मागेल ना.

आणि म्हणून तुझी ती शेवटची ओळ. ट्रिम शीट म्हणजे काय हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, एकाच टेक्स्चरवर कडा, पट्ट्या, पत्रे, फळ्या सगळं आडवं मांडून घ्यायचं आणि तेच सीनमधल्या सगळ्या वस्तूंना वापरायचं, पूर्वी एकाच ताग्यातून घरातल्या सगळ्या पोरांचे कपडे शिवायचे तसं. मेमरी वाचते, वेळ वाचतो, आणि उद्या आर्ट डायरेक्टरला गंजाचा रंग आवडला नाही तर एक फाइल बदलली की अख्खं स्टँड बदलतं. हे लेव्हल १ चं डोकं नाही. लेव्हल १ वाला बाकड्याला वेगळं टेक्स्चर, खांबाला वेगळं, बोर्डाला वेगळं असं करत बसतो, आणि दिसायला दोघांचं सारखंच दिसतं, म्हणून तर ब्रेकडाउन दाखवावा लागतो. तुझ्या टेस्टमधे तू हे दाखवलंस की नाही मला माहिती नाही, पोर्टफोलिओत तरी नाहीये. शनिवारी बस आणि तीन इमेज टाक: वायरफ्रेम, ट्रिम शीट, आणि तोच सीन टेक्सेल डेन्सिटीच्या चेकरमधे (चौकटी चढवून, म्हणजे टेक्स्चरचा बारीकपणा सगळीकडे सारखा आहे ते दिसतं). दोन तासांचं काम आहे.

मग एचआरला छोटा मेल कर की ऑफरबद्दल आभार, लेव्हलबद्दल लीडशी पंधरा मिनिटं बोलता येईल का. तिला डावलून थेट लीडला मेसेज टाकू नकोस, लोकांना ते लागतं आणि उगाच पहिल्या दिवसापासून वाकडं नको. लीडशी बोलताना पैशाचा शब्दही काढायचा नाही. एवढंच म्हण की टेस्टला दहा दिवस होते ती मी सात दिवसांत दिली, स्टँडच्या सीनचा ब्रेकडाउन पाठवलाय, सध्याच्या नोकरीत दोन ज्युनियर्सचं काम माझ्या डोळ्याखालून गेल्याशिवाय क्लायंटकडे जात नाही, तुमच्याकडे हे लेव्हल २ मधे बसतं का आणि बसत नसेल तर नेमकं काय कमी पडतं? शेवटचा प्रश्न विसरू नकोस, कारण ‘नाही’ आलं तरी त्याच्या तोंडून यादी येईल आणि ती यादी सहा महिन्यांनी तुझ्याच कामाची आहे. एक सांभाळ, सध्याच्या क्लायंटच्या न आलेल्या गेमचं नाव, स्क्रीनशॉट, काहीही बोलताना निघता कामा नये. एनडीए (गुप्ततेचा करार) मोडणारा माणूस कितीही चांगला असला तरी मी घेत नाही, आज त्यांचं सांगतोय उद्या आमचं सांगेल.

५४ टक्क्यांचं ओझं तू उगाच डोक्यावर घेतलंयस. करंट सांगून टाकलंस तर सांगून टाकलंस, सॅलरी स्लिपा नाहीतरी मागतातच, खोटा आकडा सांगून पुढे बॅकग्राउंड चेकमधे अडकण्यापेक्षा हे हजारपट बरं. पण टक्का हा कसला मोजमाप आहे सांग? पूर्वी जितका कमी पगार दिला असेल तितका टक्का मोठा दिसतो. तुझ्या जागी साडेपाचवरचा मुलगा आला असता तर त्यालाही त्याच कामासाठी सहा दिले असते आणि टक्का नऊ झाला असता. एचआरने परत ५४ म्हटलं तर वाद नको घालू, शांतपणे म्हण की हो, माझा सध्याचा पगार या कामाच्या मानाने खूपच कमी आहे, म्हणूनच मी बदलतेय.

बाबांवर चिडू नकोस हां. एसटीत पगार करारानं ठरत आला, युनियन एका बाजूला आणि महामंडळ एका बाजूला, कंडक्टरने डेपो मॅनेजरच्या केबिनमधे एकट्यानं जाऊन ‘साहेब मला दोन हजार वाढवून द्या’ म्हणायची सोयच नव्हती आणि गरजही नव्हती. आणि जेव्हा मागायचं झालं तेव्हा २०२१-२२ चा संप पाच महिन्यांहून जास्त चालला, त्यात घराघरात काय झालं ते त्यांनी जवळून बघितलं असणार. ‘मिळतंय ते घे’ हे त्यातून येतं. आपल्या धंद्यात उलट आहे, श्रेणी नाही, करार नाही, प्रत्येक जण अंधारात एकटा जाऊन आपला भाव सांगतो आणि शेजारच्याला किती मिळतात हे विचारणं म्हणजे पाप. अमेरिकेत मार्च २०२५ मधे गेमवाल्यांची इंडस्ट्रीभरची युनियन सुरू झाली, आपल्याकडे सध्या जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा हीच युनियन. तेव्हा त्या गप्पा मार. तुझ्यासारखंच काम करणाऱ्या तिघा-चौघांना सरळ विचार, वेगवेगळ्या स्टुडिओतल्या, आणि विचारताना आधी स्वतःचा आकडा सांग म्हणजे समोरचाही सांगतो. डिपॉझिट का कमी करून घेता आलं तुला? चौघींच्या वतीने बोलत होतीस, आणि शेजारच्या बिल्डिंगमधे किती घेतात ते तुला माहिती होतं म्हणून.

मार्केट वाईट आहे हे मात्र बाबांचं खरंय, त्याच्यावर पांघरूण नाही घालणार. फेब्रुवारी २०२५ मधे टेक्निकलर ही व्हिज्युअल इफेक्ट्सची कंपनी कोसळली तेव्हा बंगळुरू-मुंबईतले हजारो आर्टिस्ट एका आठवड्यात रस्त्यावर आले, ऑगस्टमधे पैशाच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्याने बंदी आली आणि रमीच्या ॲपमधे पत्ते-नाणी चितारणारे यूआयवाले पण नोकऱ्या शोधायला लागले. ते सगळे तुझ्याच लाइनीत उभे आहेत. म्हणून मित्रांचं ‘ताणून धर’ मला पटत नाही. एकदा मागायचं, नीट मागायचं, फार तर दुसऱ्यांदा व्हेरिएबलबद्दल बोलायचं, आणि मग हो किंवा नाही. चार-चार वेळा फोन करून हजार-दोन हजारासाठी घासाघीस केली की लीडच्या कानावर जातं आणि मग लोक वैतागतात.

ऑफर काढून घेतील का? सभ्य भाषेत एकदा विचारल्याबद्दल ऑफर मागे घेतलेली माझ्या एवढ्या वर्षांत मी बघितली नाहीये. होतच नाही असं छातीठोक सांगणार नाही, पण ज्या स्टुडिओने तुझे सात रात्रींचे जागरण फुकट तपासलं, दोन इंटरव्ह्यू घेतले, लीडचा वेळ घातला, त्यांनाही परत पहिल्यापासून माणूस शोधायचा कंटाळा असतो गं. आणि तुझ्या हातात आज नोकरी आहे. लेखी ऑफर, सही-शिक्क्याची, मेलवर येत नाही तोवर इकडे राजीनाम्याचा र पण काढायचा नाही.

माझं सांगते. २०११ मधे मला एका स्टुडिओतून फोन आला (नाव राहू दे) तेव्हा मी डेक्कनला बसस्टॉपवर उभी, एका हातात पोळीभाजीचा डबा, मागे पीएमटीचा हॉर्न, आणि समोरून विचारलं एक्सपेक्टेशन किती. मी म्हटलं बावीस हजार. “डन!” इतक्या पटकन डन आलं ना की माझ्या पोटात गोळाच आला. तुळशीबागेत दोनशेची पर्स आपण शंभरला मागावी आणि दुकानदाराने एक शब्द न बोलता पिशवीत घालायला घ्यावी, तसं. तीन महिन्यांनी जेवताना कळलं की शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाला, माझ्यानंतर सहा महिन्यांनी कॉलेजातून बाहेर पडलेल्या, एकोणतीस आहेत. त्याने काय वेगळं केलं असं विचारलं तर म्हणाला, काही नाही, मी म्हटलं घरी गेल्यावर मेल करतो.

म्हणून फोनवर आकडा नाही. फोन आलाच तर ‘रस्त्यात आहे, संध्याकाळी मेल करते’, बस. इंग्रजीत बोलताना अडखळतेस असं लिहिलंयस, मग तर मेलच बरा, चार वाक्यं, आणि चारच. ऑफरबद्दल आभार, जॉइन करायची इच्छा आहे. कामाची जबाबदारी आणि लीडशी झालेलं बोलणं बघता मी ७ लाख २५ हजार धरून चालले होते. तिथपर्यंत शक्य नसेल तर व्हेरिएबलचा भाग फिक्समधे घेता येईल का. सोमवारी दुपारी बोलूया. झालं, सेंड. खाली ‘पण काही अडचण असेल तरी चालेल’ हे शेपूट लावायचं नाही, मला माहितीये तुझी बोटं शिवशिवणार. आणि सोमवारी ती फोनवर म्हणेल “हम्म, बघते,” आणि गप्प बसेल, तेव्हा तू पण गप्प बस. मी अशा वेळी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधले चतुर्थी-एकादशी शोधत बसते, खरंच, मदत होते.

व्हेरिएबलबद्दल एवढी का मागे लागलेय तर तुझ्या ऑफरमधे ते ‘प्रोजेक्ट माइलस्टोन’ला बांधलंय. गेमचे प्रोजेक्ट कसे हलतात बघ, प्रिन्स ऑफ पर्शियाचा रीमेक २०२० मधे जाहीर झाला तेव्हा युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या टीमकडे होता, २०२२ मधे काम माँट्रियलला गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीत असं होतं तर इन्व्हेस्टरच्या पैशावर चालणाऱ्या छोट्या स्टुडिओत माइलस्टोन सहा महिने पुढे गेला तर त्यात तुझा काय दोष, पण साठ हजार तुझे गेले. विचार की गेल्या वर्षी लोकांना व्हेरिएबलचा किती टक्का हातात पडला. उत्तर गोल गोल आलं तर समजून जा. ईसॉप (कंपनीचे शेअर) देतो म्हणाले तर घे, थँक्यू म्हण, आणि घरभाड्याच्या हिशोबात धरू नकोस.

आता बॉन्ड, तुझ्या मेलमधला मला सगळ्यात मजेशीर भाग. तुला २ वर्षं ८ महिने झालेत. नोटीस ९० दिवस. बोटं मोज. राजीनामा दिल्यावर नोटीस पूर्ण केलीस की होतात २ वर्षं ११ महिने, म्हणजे १ लाखाच्या भीतीने तू जे रात्र रात्र जागतेयस ते एका महिन्यासाठी! नव्या लोकांना जॉइनिंगची तारीख एक महिना पुढे माग, त्यांना एक पैसा जास्त लागत नाही, किंवा ते घाईत असतील तर त्या महिन्यापायी बॉन्डचे पैसे भरावे लागले तर ते भरतील का ते विचार. फक्त आज रात्री ते बॉन्डपेपर काढून एक गोष्ट बघ, तीन वर्षं कुठून मोजलीत, जॉइनिंगपासून की ट्रेनिंग संपल्यापासून. काही ठिकाणी ट्रेनिंगचे सहा महिने बाहेर ठेवतात आणि मग सगळं गणित बदलतं. ‘बॉन्डला कोर्टात काही किंमत नसते’ असं तुझा कोणी मित्र सांगेल, त्याचं ऐकू नकोस, मे २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा दोन लाखांचा बॉन्ड वैध धरलाय. दुसऱ्या बाजूने हेही आहे की करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि भरपाई वाजवी हवी, उचलला कागद आणि घेतले लाख असं नाही. मी वकील नाहीये, ट्रेनिंगचं कलम असेल तर ओळखीतल्या वकिलाला तो एक कागद दाखव.

बाकी बारीकसारीक पटपट सांगते. तू तीन गेमवर काम केलंस आणि एकही पोर्टफोलिओत नाही हे बघून मला वाईट वाटलं, त्यातला कुठला बाजारात आला असेल तर निघायच्या आधी तुझ्या लीडकडून लेखी विचारून घे की काय दाखवू शकते. नव्या ठिकाणी क्रेडिट्समधे नाव आणि रिलीजनंतर स्वतःचं काम दाखवायची परवानगी ऑफरच्या वेळीच मेलवर घे, यात त्यांचे पैसे जात नाहीत त्यामुळे पटकन हो म्हणतात, रिलीजनंतर मागितलं तर लीगलला विचारतो म्हणून वर्ष जातं. आणि अपॉइंटमेंट लेटरमधे ‘नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम कंपनीचं’ अशी ओळ असेल तर विचार की घरी सुट्टीत केलेलं स्वतःचं काम त्यात येतं का. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालक कायद्यानेच कंपनी असते, ते ठीक आहे, पण उद्या तू सांगलीचा आयर्विन पूल बनवलास तर तो तुझाच राहायला हवा.

समजा सोमवारी ती म्हणाली की लेव्हल नाही, पैसे नाहीत, सहाच. तर? मी असते तर व्हेरिएबल फिक्समधे घालून घेतलं असतं, म्हणजे हातात ४४ हजारांच्या वर जातात, सहा महिन्यांनी लेव्हलचा रिव्ह्यू होईल असं मेलवर लिहून घेतलं असतं आणि गेले असते. तळाचा आकडा लिहायला मीच सांगितला आणि मीच खाली उतरतेय हे मला कळतंय. पण दुसऱ्यांच्या गेमचे बॅरल करत आणखी दोन वर्षं काढण्यापेक्षा एका गेमचा अख्खा भाग तुझ्या नावावर असणं मला जास्त मोलाचं वाटतं, पुढच्या उडीला हेच कामी येतं. मात्र व्हेरिएबल तसंच, रिव्ह्यू लेखी नाही, आणि वर ‘आम्ही फॅमिली आहोत’ असं ऐकू आलं तर ३९ हजारासाठी इकडचं तुझं सवयीचं टेबल सोडू नकोस, चार महिन्यांत बॉन्डही सुटतोय, मग आरामात शोध.

आणि हो, ब्रेकडाउनच्या इमेज टाकायला फाइल उघडशीलच तर तो टाइमटेबलचा बोर्ड बघ, तिसऱ्या ओळीत ‘पढरपूर’ झालंय, अनुस्वार उडालाय. मुद्दाम केलं असशील तर राहू दे, खऱ्या बोर्डावर पण असंच असतं.

– ताई